मुलीला 'थिअरी'त पीएचडी करायचीय. यात करिअर असतं का, आणि पुण्यात राहून होतं का?

वारज्याची_आई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

लेक कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, इथेच पुण्यात. कॅम्पसमधून नोकरी लागली. पॅकेजचा आकडा सोसायटीत कसा पसरला देव जाणे, पण एरवी तोंड फिरवणाऱ्या बायकासुद्धा लिफ्टमध्ये थांबून बोलायला लागल्या. आणि आता बाईसाहेब म्हणतात, जॉइन व्हायचं नाही, थिअरी करायचीय.

कसली थिअरी म्हणून विचारलं, तर म्हणे "कॉम्प्युटरला काय करता येणार नाही ते सिद्ध करायचं." तिचे बाबा बँकेतून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "जे करता येणार नाही त्याचा पगार कोण देतं?" त्यावर दोघांचं दोन दिवस बोलणं बंद. मी मध्ये लटकलेली. एआय कर म्हटलं तर नाक मुरडते.

माझे प्रश्न भाबडे वाटतील, पण विचारतेच. ही माणसं दिवसभर करतात काय? पैसे किती मिळतात आणि किती वर्षांनी? आणि मुलगी एकुलती एक आहे. आमच्या समोरचाच फ्लॅट तिच्यासाठी म्हणून घेऊन ठेवलाय, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. पुण्यात राहून हे सगळं जमेल का?

हिंजवडी_फेज_३

मॅडम, स्पष्ट बोलतो. आयटीत वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ट्युरिंग मशिन, म्हणजे थिअरीतलं ते कागदावरचं कॉम्प्युटर, कधी कामाला आलं नाही. इन्सेमला लिहिलं, एन्डसेमला लिहिलं, विसरलो. आमच्या टीममध्ये एक पीएचडी होते, त्यांना साधं डिप्लॉयमेंट जमायचं नाही. ऑफर हातात आहे तर घ्यावी. दोन वर्षं नोकरी करू दे, डोक्यातलं खूळ गेलं तर गेलं, नाही गेलं तर बघता येईल. आजचं मार्केट बघता हातातली ऑफर सोडणं म्हणजे कमाल आहे.

पर्वतीचे_मास्तर

हिंजवडीकर, तुम्ही विसरलात हा विषयाचा दोष नाही. आपल्याकडे तिसऱ्या वर्षाला 'थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन' शिकवतात ते अप्पा बळवंत चौकातल्या गाईडांच्या भरवशावर. मीही तो विषय बरीच वर्षं शिकवलाय, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाही.

ताई, आधी प्रवेशाचं सांगतो. गेट फेब्रुवारीत असते आणि तिचा स्कोअर तीन वर्षं चालतो. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीत त्यावर मुलाखतीचं बोलावणं येऊ शकतं. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधनसंस्थेची स्वतःची परीक्षा साधारण डिसेंबरात होते. चेन्नईच्या आयएमएससी या संशोधनसंस्थेसाठी जेस्ट ही परीक्षा द्यायची, तिच्यात थिअरॉटिकल कॉम्प्युटर सायन्सचा वेगळा पेपर असतो. थेट पीएचडी नको असेल तर चेन्नईलाच सीएमआयमध्ये (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) दोन वर्षांची एमएससी आहे. बीई करून आलेल्या मुलांना ती चांगली, कारण आपल्याकडे इंजिनिअरिंगमध्ये प्रूफ लिहायची सवयच लागत नाही.

आणि बाबांना सांगा, या विषयातलं जगातलं एक मोठं नाव आपल्या इचलकरंजीचं आहे. सुभाष खोत. १९९५ ला आयआयटी प्रवेशपरीक्षेत देशात पहिले, पुढे प्रिन्स्टनला पीएचडी, २००२ साली त्यांनी 'युनिक गेम्स' नावाचं अनुमान मांडलं आणि २०१४ ला सोलमध्ये त्यांना नेवनलिना पारितोषिक मिळालं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावातनं जमलं तर वारज्यातनं का जमू नये?

शून्यशेष

ताई, परीक्षांचं मास्तरांनी सांगितलंय ते बरोबर आहे. खोतांचं उदाहरण मात्र मी कुठल्याच आईला देत नाही. त्याने बाबा गप्प बसतील, पण तुमच्या तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर त्यात नाही.

मी याच लायनीतली. सदाशिव पेठेत वाढले, बीई पुण्यात, पीएचडी चेन्नईला तारामणीत, मग युरोपात पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधन, आणि आता पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात शिकवते. म्हणजे तुम्ही जो शेवटचा प्रश्न विचारलाय त्याचं उत्तर मी स्वतः जगतेय. पण क्रमाने जाते.

आधी 'करता येणार नाही' म्हणजे काय ते. विद्यापीठाचं परीक्षेचं वेळापत्रक घ्या. कुठल्याही विद्यार्थ्याचे दोन पेपर एका वेळी येता कामा नयेत आणि सगळे पेपर तीन सत्रांत उरकायचेत. कुणी तयार वेळापत्रक आणून दिलं तर ते बरोबर आहे का हे चटकन तपासता येतं. पण असं वेळापत्रक मुळात निघू शकतं का, हे नक्की सांगणारी जी जी पद्धत आज माहीत आहे, ती विषयांची संख्या वाढली की कधी ना कधी हात टेकते. कितीही महागडं मशिन आणा. १९७२ साली रिचर्ड कार्प यांनी असे २१ प्रश्न एकमेकांत गुंफून दाखवले. त्यातला एक जरी झटपट सुटला तरी बाकीचे सुटतात. बहुतेकांना वाटतं की झटपट कुणीच सुटणार नाही, पण ते आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. क्ले इन्स्टिट्यूटने २००० साली या प्रश्नावर दहा लाख डॉलर लावले, ते अजून कुणी नेलेले नाहीत. तेव्हा तुमची मुलगी बोलली त्यात काही विचित्र नाही, विषयाचा गाभाच तो आहे.

दिवसभर काय करतात? बहुतेक वेळ अडकलेली असतात. मी बीजगणिती सर्किटांवर काम करते. एखादी बहुपदी काढायला निदान किती बेरजा आणि किती गुणाकार लागतीलच, याच्याहून कमीत भागणारच नाही, हे सिद्ध करायचं. एकच लेमा, म्हणजे सिद्धतेतली एखादी पायरी, घेऊन आठवडेच्या आठवडे बसायचं. कागद, फळा, चहा, सहलेखकाशी कॉल. रात्री अकराला सिद्ध झालेलं सकाळी दात घासताना पडतं. मध्येच कुणीतरी दुसराच पेपर टाकतं आणि तुमचा प्रश्न तुमच्या नाकाखालून सुटून जातो. त्या दिवशी हळहळ वाटते, पण तो पेपर वाचायला मजाही येते. मग पेपर लेटेकमध्ये नीट लिहायचा आणि परिषदेला पाठवायचा. मोठ्या दोन परिषदा, स्टॉक आणि फॉक्स. एकीची मुदत नोव्हेंबरच्या आसपास, दुसरीची एप्रिलच्या. दिवाळीचा फराळ आणि स्टॉकची मुदत एकमेकांच्या अंगावर येतात, हे आमच्या घरात आता सगळ्यांनी सोडून दिलंय.

अवांतर: आमच्यात पेपरवर लेखकांची नावं वर्णानुक्रमे छापतात, कुणी किती काम केलं याच्याशी त्याचा संबंध नसतो. माझं आडनाव इंग्रजी वर्णमालेच्या शेपटाला येतं. माझ्या सासऱ्यांची बरेच दिवस समजूत होती की मी प्रत्येक कामात शेवटी शेवटी हातभार लावते.

हिंजवडीकर, 'कामाला आलं नाही' याबद्दल एवढंच. २००५ साली ओडेड रेगेव यांनी चुका मिसळलेल्या समीकरणांचा एक प्रश्न मांडला आणि तो सोडवणं का अवघड असावं याचं कारणही दिलं. तेव्हा तो पेपर निव्वळ थिअरीचा होता. त्याच कुळातल्या प्रश्नावर बेतलेली कुलूपपद्धत (एन्क्रिप्शन) अमेरिकेच्या निस्ट या प्रमाणसंस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रमाण म्हणून जाहीर केली, उद्या क्वांटम कॉम्प्युटर आले तरी टिकावी म्हणून. ब्राउझरांत ती यायलाही लागलीय. तुमच्या डिप्लॉयमेंटमध्येही येईल, तुम्हाला कळणार नाही इतकंच. आणि प्रत्येक पेपरचं असं होतं असं मी म्हणत नाही, माझ्या एकाचंही झालेलं नाही.

पैसे. पीएचडीला नेहमीची फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००, वर घरभाडं किंवा होस्टेल. हे २०२३ पासूनचे दर. पंतप्रधान फेलोशिप मिळाली तर ७०,००० पासून सुरुवात, पण ती सगळ्यांना मिळत नाही. पाच वर्षं धरा, क्वचित सहा. मग दोन-तीन वर्षांचा एखादा पोस्टडॉक, बहुतेकदा बाहेरदेशी. त्यानंतर आयआयटीत असिस्टंट प्रोफेसर म्हणून कायम झालं तर मूळ पगार १,०१,५०० पासून, वर भत्ते. म्हणजे उपाशी कुणी मरत नाही. पण तिच्या बॅचची मुलं बाणेरला थ्री बीएचके बुक करतील तेव्हा ही होस्टेलच्या खोलीत असेल, आणि ते तिला दिवाळीला घरी आली की दिसेल. ते तिला चालेल का, हे तिनेच ठरवायचं.

आता पुणे. सगळे पैशाचं बोलतात, प्रत्यक्षात या धंद्यात माणूस किंमत मोजतो ती गावाच्या हिशेबात. देशात थिअरीचे जे काही धड अड्डे आहेत ते मुंबई, चेन्नई, बंगळुरू, कानपूर, दिल्ली, कोलकाता असे. विभागात या विषयाची माणसं मूठभर असतात. जागा कधी निघेल आणि कुठे निघेल हे आपल्या हातात नसतं. नितीन सक्सेना यांचं बघा. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि झटपट ठरवण्याची पद्धत २००२ साली कानपूरला निघाली, मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि सक्सेना यांची. दोघं विद्यार्थी तेव्हा नुकते बीटेक झालेले. २००६ ला गोडेल पारितोषिक मिळालं. एवढं होऊनही सक्सेना पीएचडीनंतर ॲमस्टरडॅम, मग बॉन असं करत २०१३ ला कानपूरला परतले. नूतन लिमये, श्रीकांत श्रीनिवासन आणि सेबास्तियन ताव्हेना यांनी २०२१ साली कमी खोलीच्या बीजगणिती सर्किटांबद्दल जे सिद्ध केलं त्याला त्या वर्षीच्या फॉक्समध्ये सर्वोत्तम पेपरचा मान मिळाला. माझ्या उपविषयात त्याच्याएवढं मोठं काही मी समोर घडताना पाहिलेलं नाही. आयआयटी मुंबईत शिकवलेल्या लिमये आता कोपनहेगनला असतात.

पुण्यात थिअरी शिकवणारे गल्लोगल्ली आहेत, थिअरी करणारा शोधावा लागतो. मी परत आले ते मला पुण्यातच राहायचं होतं म्हणून. कुणी बोलावलं नव्हतं, कुणाचं आजारपण नव्हतं, हौस होती. त्याची किंमत अशी की आठवड्याचे बरेच तास डेटा स्ट्रक्चरचे वर्ग, त्यात नॅकच्या फायली. आणि संध्याकाळी डोक्यात काही आलं तर फळ्यासमोर उभं करायला शेजारी कुणी नाही. मग महिन्या-दोन महिन्यांनी सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडून कुलाब्याला टीआयएफआरला जाते. दुपारच्या सेमिनारनंतर गप्पा रंगल्या की परतीची पाच-दहाची हमखास चुकते. माझं संशोधन चालू आहे, पण त्याची चाल पॅसेंजरची आहे, हे मला माहीत आहे आणि माझ्या सहलेखकांनाही.

म्हणून ताई, मुलगी हुशार आहे की नाही ही काळजी बाजूला ठेवा, ते परीक्षा आणि मुलाखती बघून घेतील. समोरच्या फ्लॅटला भाडेकरू बघा.

जुना_हडपसरकर

शून्यशेष ताई, बाकी सगळं मान्य, पण पुण्याला अगदीच उघडं पाडलंत. देशातली थिअरीची जी वार्षिक परिषद आहे, एफएसटीटीसीएस, ती १९८१ साली बंगळुरूला सुरू झाली आणि १९८७ व १९८८ अशी लागोपाठ दोन वर्षं पुण्यात भरली होती. डिसेंबरच्या थंडीत परदेशी प्राध्यापकांना स्टेशनवरून आणायला मी गेलो होतो. ज्यांना आणलं ते काय बोलत होते ते तेव्हाही कळलं नाही, पण चहा त्यांना फार आवडला.

टाटांची टीआरडीडीसी ही संशोधनसंस्था पुण्यात १९८१ साली सुरू झाली. प्रोग्रॅम चुकणार नाही हे गणिताने सिद्ध करायचं, म्हणजे व्हेरिफिकेशन, यावर तिथे पुष्कळ काम झालंय. सीडॅकने १९९१ ला परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर इथेच बांधला. आणि २००७ साली टाटांच्याच सीआरएल प्रयोगशाळेचा 'एका' हा सुपरकॉम्प्युटर जगात चौथ्या नंबरला आला होता. त्या प्रयोगशाळेच्या सुरुवातीला कोण होते माहितीय ना? नरेंद्र करमरकर. लिनियर प्रोग्रॅमिंगची १९८४ ची पद्धत ज्यांची, ते.

शून्यशेष

काका, दुरुस्ती मान्य, आणि स्टेशनचा किस्सा फारच आवडला. परम आणि एका म्हणजे मोठी मशिनं, ती थिअरीत धरत नाही मी. पण व्हेरिफिकेशनचं तुम्ही आठवण करून दिलंत ते बरं झालं. लॉजिक आणि ऑटोमाटाच्या बाजूची थिअरी आवडत असेल तर पुण्यात खरंच काम आहे. क्रिप्टोग्राफी थोडीफार आयसरला गणितवाल्यांकडे. सर्किट, ॲप्रॉक्सिमेशन, रँडमनेस यातलं काही आवडत असेल तर गाडी पकडायला लागणारच.

वारज्याची_आई

सगळ्यांचे आभार. शून्यशेष ताई, तुमचा प्रतिसाद तिच्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. वेळापत्रकापर्यंत ते मान हलवत होते, भाडेकरूवर उठून गेले. पण रात्री जेवताना तिला म्हणाले, "ते तीन सत्रांचं मला परत सांग." तिने ताटाशेजारी वहीवर गोल आणि रेघा काढून समजावलं. म्हणजे बोलणं सुरू झालं.

आता पुढचे प्रश्न. कंपनीला या महिनाअखेर हो किंवा नाही कळवायचंय. नोकरी घेऊन एक वर्ष अभ्यास केला तर? पीएचडी अर्ध्यात सोडावी लागली तर काय? आणि आमच्या सासूबाई विचारतायत, यात लग्नाचं कसं होतं. मी नाही विचारत, त्या विचारतायत.

हिंजवडी_फेज_३

मी पहिल्या प्रतिसादात हेच म्हणालो होतो. नोकरी घ्या, वर्षभर बघा. (ब्राउझरचं तपासलं. आहे ते. मानलं.)

शून्यशेष

हिंजवडीकरांचं निम्मं बरोबर आहे. ऑफर लगेच नाकारायची गरज नाही, गेट आणि जेस्टचे निकाल जॉइनिंगच्या आधी लागतात. फक्त बाँड आहे का ते बारीक अक्षरांत वाचा. तो असेल तर सही करण्याआधी शंभरदा विचार. नोकरी करत अभ्यास मात्र मी बघितलेल्यांपैकी थोड्यांनाच जमला. हिंजवडीहून वारज्याला परत यायचं, मग रात्री प्रूफ लिहायची, हे चार महिने टिकतं.

अर्ध्यात सोडणारे असतात, त्यात लाज काही नाही. पुष्कळ ठिकाणी एमएस घेऊन बाहेर पडता येतं. पूर्ण करूनही प्राध्यापकी नको असेल तर बंगळुरूला मायक्रोसॉफ्ट रिसर्च आहे, वर म्हटलेले नीरज कयाल तिथेच गेले. क्रिप्टोग्राफीवाले, व्हेरिफिकेशनवाले, शेअर बाजाराची गणितं करणाऱ्या कंपन्या या मुलांना घेतात. आमच्या बॅचमधला सगळ्यात श्रीमंत माणूस तिसऱ्या वर्षी सोडून गेलेला आहे.

सासूबाईंना सांगा, लग्नं होतात. अडचण येते ती दोघंही संशोधक असले तर, कारण मग एका गावात एक नाही, दोन जागा लागतात. माझे मित्र-मैत्रिणी वर्षानुवर्षं कानपूर-चेन्नई, मुंबई-गुवाहाटी असे राहिलेत. माझा नवरा आर्किटेक्ट आहे, त्यामुळे आमचं भांडण एकाच गावात होतं.

तिच्यासाठी दोन कामं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अजून ठरला नसेल तर ॲप करू नये. एखादा जुना, गाजलेला पेपर घेऊन तो पूर्ण समजून स्वतःच्या शब्दांत लिहून काढावा. २०१९ चा हाओ हुआंग यांचा सेन्सिटिव्हिटीचा पेपर चांगला राहील. जवळजवळ तीस वर्षं अडलेला प्रश्न, आणि मूळ युक्ती दोन-तीन पानांत मावते. गाईड कुरकुरतील, 'इम्प्लिमेंटेशन कुठाय' विचारतील, त्यांना हायपरक्यूबचं चित्र रंगीत करून दाखवायचं. हे करताना तिला कंटाळा आला तर ऑफर घ्यावी. नाही आला तर पुढचं आपोआप होईल.

दुसरं, डिसेंबरात एफएसटीटीसीएस जिथे असेल तिथे स्वखर्चाने जाऊन तीन दिवस मागच्या बाकावर बसावं. सगळं कळणार नाही, मलाही कळत नाही. पण चहाच्या सुट्टीत कोण काय बोलतं ते ऐकावं. यांच्याबरोबर पुढची दहा वर्षं काढायचीत, माणसं आवडतात का ते बघून घ्यावं.

मी शनिवारी सकाळी दामले पथावर भास्कराचार्य प्रतिष्ठानच्या लायब्ररीत असते. नंबर व्यनित (खाजगी निरोपात) टाकलाय. पंपिंग लेमा गाईड न बघता सिद्ध करून घेऊन ये म्हणावं. आणि ताई, तिला एकटीला पाठवा, तुम्ही येऊ नका.